पावसात सायकलचा ब्रेक पकडत नाही: काय तपासायचं आणि आज सायकल काढायची की नाही

रोज कामावर, शाळेत किंवा एसटी स्टँडपर्यंत सायकलने जाणाऱ्यांची ही दर पावसाळ्यातली तक्रार. मे महिन्यात ब्रेक ठणठणीत असतो आणि मृगाच्या पहिल्या चार सरींत तो गायब होतो. दुकानात नेली की तार ताणून मिळते, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तार ताणल्याने बहुतेक वेळा मूळ दोष जातच नाही, म्हणून तो परत येतो. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या कामापर्यंत लावला आहे. मधल्या पायऱ्या गाळू नका.

लक्षणं

आधी आपल्या सायकलचं नेमकं काय होतंय ते ओळखा.

ब्रेक दाबल्यावर चाकाचे दोन-तीन फेरे काहीच होत नाही आणि मग तो पकडतो: रिमवर पाण्याचा पापुद्रा आहे. रबर आधी ते पाणी पुसून काढतं, मग घर्षण सुरू होतं. थोडा उशीर प्रत्येक रिम-ब्रेकला होतोच. प्रश्न किती उशीर, एवढाच.

कोरड्यात छान, ओल्यात जवळजवळ शून्य: एकतर रिम स्टीलचा आहे, नाहीतर रबर कडक होऊन चकाकायला लागलंय, नाहीतर रिमला तेल लागलंय.

खर्रखर्र आवाज येतो आणि रिमवरून काळं-करडं पाणी ओघळतं: रबरात लाल मातीची कच रुतली आहे. ती रिम खाते आहे.

दांडा दाबता दाबता हँडलच्या मुठीला टेकतो: रबर झिजलंय किंवा तार ढिली आहे.

दांडा दाबला की परत येत नाही, किंवा हळूहळू येतो: कव्हरच्या आत तार गंजली आहे. समुद्राकाठच्या गावांत खाऱ्या वाऱ्यामुळे हे फार लवकर होतं.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी धक्का बसतो: रिमला बाक आला आहे, किंवा रिमचा जोड वर आला आहे.

डिस्क ब्रेकमधून धातूवर धातू घासल्याचा आवाज येतो: पॅड संपले आहेत. सायकल तिथेच थांबवा.

पहिली तपासणी: ओला ब्रेक मोजणं (खर्च शून्य)

लोक ब्रेक अंगणात, कोरड्यात दाबून बघतात आणि ‘लागतोय की’ म्हणून निघतात. आपल्याला हवा आहे तो ओला ब्रेक, आणि तोही उतारावरचा.

रहदारी नसलेला, सपाट, डांबरी किंवा काँक्रीटचा तुकडा निवडा. साधारण तेहतीस-चौतीस पावलं म्हणजे २५ मीटर. त्याच्या शेवटी विटेच्या तुकड्याने रेघ मारा. दोन्ही रिमवर मगभर पाणी ओता आणि चाकं फिरवून रिम सगळीकडून भिजवा. आधी अगदी हळू जाऊन दोन्ही ब्रेक काही ना काही पकडतात एवढं बघून घ्या. मग हे २५ मीटर सहा सेकंदांत पार होतील अशा वेगाने या. तो वेग ताशी १५ किलोमीटर होतो. रेघेवर पुढचं चाक आलं की दोन्ही ब्रेक एकत्र दाबा, पण चाक जाम होईल इतके नाही. सायकल थांबली की रेघेपासून पुढच्या चाकापर्यंतचं अंतर मोजा. भुरभुर पावसात ही चाचणी केलीत तर उत्तम, कारण ओतलेलं पाणी येता येता थोडं उडून जातं आणि अंतर असतं त्यापेक्षा कमी भरतं.

आता हे अंतर उतारावर नेऊन बघा. कोकणात ही पायरी गाळून चालत नाही. दहा मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर गुरुत्वाकर्षण सायकलला प्रत्येक सेकंदाला सुमारे एक मीटर प्रतिसेकंद एवढा वेग देत राहतं. ब्रेकला आधी ते खाऊन टाकावं लागतं आणि उरलेल्या जोरात सायकल थांबवावी लागते. त्याच १५ च्या वेगाने सपाटीवर ३ मीटरमध्ये थांबणारी सायकल अशा उतारावर साडेचार मीटर घेते. सपाटीवर ५ मीटर घेणारी तिथे साडेअकरा मीटरवर जाते. आणि सपाटीवर ९ मीटर घेणारी त्या उतारावर थांबतच नाही, कितीही दाबलंत तरी. सपाट रस्त्यावर ‘जरा कमी लागतोय’ वाटणारा ब्रेक सड्यावरून (वरच्या पठारावरून) बंदराकडे उतरताना एकदम नाहीसा का होतो, त्याचं कारण हे. रत्नागिरीत मारुती मंदिराकडून खाली बाजाराकडे येणाऱ्यांना किंवा वाडीतून घाटी उतरून हमरस्त्याला लागणाऱ्यांना हा फरक रोज भेटतो. यात तुमचा दाबायला लागणारा वेळ धरलेला नाही. १५ च्या वेगाने सेकंदाला चार मीटर सरकतात, ते वेगळे.

आमचा निकाल असा. ओल्यात ३ मीटरच्या आत थांबते: नेहमीचे उतार बेताच्या वेगाने चालतील. ३ ते ५ मीटर: सपाटीला सायकल, उताराला उतरून हातात धरून. ५ च्या पुढे: दुरुस्त होईपर्यंत पावसात सायकल काढायची नाही, मग रस्ता कितीही ओळखीचा असो.

अंतर जास्त आलं की पुढच्या तपासण्या सुरू करा आणि प्रत्येकीनंतर पुन्हा मोजा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावं लागतं.

दुसरी: रिम धुणं, रबर घासणं (अर्धा तास, काचपेपरचा एक तुकडा)

निम्म्याहून अधिक सायकली इथेच सुधारतात.

अर्धी बादली पाणी, त्यात चमचाभर भांडी घासायचा साबण. फडक्याने रिमची दोन्ही बाजूंची ब्रेक लागते ती पट्टी चोळून काढा, मग साध्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसा. रॉकेल वापरू नका, ते उडून गेल्यासारखं वाटतं पण मागे तेलकट थर ठेवतं. गंज सोडवायचा स्प्रेही रिमच्या आसपास नको. साखळीला तेल घालताना मागच्या रिमवर वर्तमानपत्र धरा, प्रत्येक कडीला एकच थेंब द्या आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाका. पावसात साखळी करकरते म्हणून लोक तेलाची धार सोडतात. ते तेल रिमवर उडतं आणि मागचा ब्रेक जातो. खोबरेल तेल तर साखळीलाही नको, ते चिकट होऊन माती धरून ठेवतं.

आता रबर. ते बाहेर काढा, बहुतेक सायकलींना १० नंबरचा पाना किंवा ५ मिलिमीटरची ॲलन-की लागते. रबराचा तोंडाचा भाग उजेडात धरून बघा. त्यात चकचकीत ठिपके दिसले तर ते रिमचेच तुटलेले कण आहेत. दाभणाच्या टोकाने एकेक उपसून काढा. रस्त्यावरची जांभ्याची कच रबरात रुतते, ती रिमचं ॲल्युमिनियम ओरबाडते आणि ते कण पुन्हा रबरात बसतात. एकदा हे चक्र सुरू झालं की दोन महिन्यांत रिमवर चरे पडतात. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी रबराचं तोंड बघायलाच हवं.

कण काढून झाले की १०० नंबरच्या आसपासचा काचपेपर सपाट फरशीवर ठेवून रबर त्यावर घासा. वरची चकाकी जाऊन सगळीकडे सारखं मंद काळं दिसलं की पुरे. परत बसवताना चौथ्या तपासणीतली बसवण बघा, मगच पुन्हा मोजा.

तिसरी: दांडा आणि तार (थोडं तेल, नाहीतर नवी तार)

ब्रेक पूर्ण दाबल्यावर दांडा आणि मूठ यांच्यात दोन बोटं सहज राहिली पाहिजेत. राहत नसतील तर तार जिथे दांड्यात शिरते तिथली गोल फिरकी थोडी बाहेर काढा. रिम आणि रबर यांच्यात दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर जागा ठेवा. त्याहून घट्ट केलंत तर मातीचा चिखल सतत घासत राहतो. फिरकी संपत आली असेल तर समजा रबर संपत आलंय, तार ताणून उपयोग नाही.

दांडा परत येत नसेल तर ब्रेकचे दोन हात हाताने जवळ दाबून तार मोकळी करा आणि नुसती तार कव्हरमध्ये पुढेमागे ओढून बघा. अडखळत असेल तर आत गंज आहे. मागच्या ब्रेकच्या तारेत पाणी साचतं ते कव्हरच्या सगळ्यात खाली लोंबणाऱ्या भागात, आणि तिथेच ती कुजते. वरच्या टोकातून शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडा आणि तार हलवत राहा. मोकळी झाली तर या पावसाळ्यापुरती निभेल. टोकाशी तारेचा एक जरी पीळ तुटलेला दिसला तर तेलाच्या भानगडीत पडू नका, तार आणि कव्हर दोन्ही बदला. अर्धी तुटलेली तार तुटते ती सगळ्यात जोरात दाबल्यावरच.

चौथी: रबराची बसवण (खर्च शून्य, पण चिकाटी हवी)

इथे चुका फार होतात. रबर रिमच्या पट्टीवर पूर्ण बसलं पाहिजे. वर टायरला टेकलं तर टायर फाडतं, आणि खाली उतरलं तर दाबल्यावर घसरून आऱ्यांत जाऊ शकतं. वरच्या कडेपासून मिलिमीटरभर खाली ही त्याची जागा.

रबराचं पुढचं टोक, म्हणजे सायकलच्या तोंडाकडचं, आधी टेकलं पाहिजे आणि मागचं अर्धा ते एक मिलिमीटर मोकळं राहिलं पाहिजे. यासाठी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा दुमडून रबराच्या मागच्या टोकाखाली धरा, ब्रेक दाबून धरा, नट आवळा, मग तुकडा काढा. असं बसवलं की किंचाळी थांबते. आवळताना रबर नटाबरोबर फिरतं, म्हणून दुसऱ्या हाताने ते घट्ट धरून ठेवा.

पाचवी: नवं रबर

तोंडावरचे खाचे बुजले असतील किंवा नखाने दाबल्यावर रबर लाकडासारखं लागत असेल तर बदलायची वेळ झाली. साध्या रबराची जोडी बहुतेक दुकानांत शंभर रुपयांच्या आत येते. लांब आणि मऊ रबर मागा. कडक रबर जास्त टिकतं, पण ओल्यात कमी पकडतं. पुढचं आणि मागचं एकदमच बदला. सायकल थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, आणि घसरायच्या भीतीने त्याचंच रबर दुर्लक्षित राहतं.

सहावी: रिम

रिमच्या पट्टीवरून बोट फिरवा. खोलगट लागते का? त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून मधली फट बघा. अर्धा मिलिमीटर खोल झाली असेल, किंवा रिमवरची झीज दाखवणारी खाच दिसेनाशी झाली असेल, तर तो रिम संपला. झिजलेला रिम हवेच्या दाबाने फुटतो, आणि फुटतो तेव्हा चाक जागेवर अडकतं. आऱ्यांच्या भोकांपाशी केसासारखी चीर दिसली तरी तेच.

बाक किती आहे ते बघायला सायकल उलटी ठेवा, रबराच्या जागी काडी धरून चाक फिरवा. काडी आणि रिम यांच्यातलं अंतर दोन मिलिमीटरहून जास्त बदलत असेल तर आरे ओढून घ्यावे लागतील. ते काम शिकल्याशिवाय करू नका. एक आरा जास्त आवळला की बाक दुसरीकडे जातो.

सळीच्या ब्रेकची काळी सायकल

जुन्या २८ इंची सायकलींना तारेऐवजी सळ्या असतात आणि रबर रिमच्या आतल्या बाजूला, आऱ्यांकडून लागतं. रिम क्रोमचा मुलामा दिलेल्या स्टीलचा. ओल्या क्रोमवर रबर जवळजवळ सरकतच राहतं, हा त्या धातूचा गुण आहे. सांध्यांना तेल द्या, नट आवळा, रबर नवं घाला, तरी ओल्यात ती अल्युमिनियमच्या रिमच्या जवळपास येणार नाही. या सायकली ओझं वाहायला फार भरवशाच्या आहेत आणि भातशेतीच्या सपाट रस्त्यावर पावसातही चालतात. पण पाऊस असताना उतारावर त्यांच्यावर बसू नये. उपाय एकच, पुढच्या चाकाचा रिम बदलून तारेचा ब्रेक बसवणं, आणि तो मेकॅनिककडूनच.

डिस्क ब्रेक

डिस्कला पाण्याचा त्रास कमी, पण कच तिथेही पोचते आणि पॅड फार लवकर संपतात. पॅडवरचा घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला की बदला; मागच्या लोखंडी पत्र्याची जाडी त्यात मोजू नका. पावसासाठी धातूमिश्रित पॅड घ्या. साधे पॅड शांत असतात, पण चिखलात वितळल्यासारखे जातात. तबकडी पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत मिळतं. तबकडीला बोट लावू नका, अंगाचं तेलही पुरतं. तारेची डिस्क असेल तर पॅड झिजले की आतल्या बाजूची फिरकी आधी आत घ्यावी लागते. नुसती तार ताणली तर तबकडी एका बाजूला वाकत राहते.

ब्रेक ठीक आहे, मग आज जायचं का?

भारतीय हवामान खातं जिल्ह्यानुसार रंगांत इशारे देतं. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार पाऊस. लाल इशाऱ्याला सायकल नाही. नारंगीला जायची वेळ आणि परतीची वेळ दोन्ही बघा, कारण सकाळी उघडीप असते आणि संध्याकाळी तुम्ही आडव्या पावसात उतार उतरत असता. पिवळ्याला ब्रेकचं अंतर आणि रस्ता ठरवेल.

खाडीकाठच्या रस्त्यांना आणखी एक हिशेब आहे. अमावस्या-पौर्णिमेला आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती मोठी असते. तिच्यात जोरदार पाऊस आला तर नदीच्या पाण्याला समुद्रात जायला वाट राहत नाही. चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर आठवतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे सोमवारी सकाळी मोकळा असलेला रस्ता गुरुवारी त्याच वेळी पाण्याखाली असू शकतो. पंचांग किंवा भरतीचं वेळापत्रक बघून निघा.

साकवावरून पाणी वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर सायकल उचलूनही पलीकडे जाऊ नका. साचलेलं पाणी चाकाच्या मधल्या हबपर्यंत येत असेल तरी परत फिरा, ते हबमध्ये आणि पायडलच्या बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस धुऊन नेतं. मोकळ्या सड्यावर आणि खाडीच्या पुलावर वारा बाजूने ढकलतो. अंगावर फुगणारा रेनकोट असेल तर जास्तच, त्यामुळे तिथे अंगाबरोबरचं जर्किन घाला. जूनच्या सुरुवातीच्या आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात वीज असते. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागत असेल तर सड्यावर जाऊ नका, पक्क्या घरात थांबा.

शेवाळ आलेली जांभ्याची पाखाडी (दगडी पायवाट), रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराच्या लोखंडी जाळ्या, शेण आणि आंब्याखालची ओली पानं यांवर ब्रेक कितीही चांगला असला तरी टायरच पकडत नाही. त्याआधीच वेग कमी करा आणि त्यांच्यावरून जाताना ब्रेक सोडा. उतार सुरू होण्याआधी दहा-पंधरा मीटर ब्रेक हलकेच टेकवून ठेवलेत तर रिम पुसला जातो आणि खरी गरज पडते तेव्हा ब्रेक लगेच मिळतो. थंडीतही ही सवय कामाची आहे. डिसेंबर-जानेवारीत बाहेर ठेवलेल्या सायकलच्या रिमवर पहाटे दव असतं, आणि आभाळ निरभ्र म्हणून कुणी ते बघत नाही.

इथे थांबा, मेकॅनिक बोलवा

रिम झिजलेला किंवा चिरलेला. फ्रेमवर किंवा पुढच्या फोर्कवर, विशेषतः जोडापाशी, गंजाची रेघ किंवा भेग. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवल्यावर हँडलपाशी खटखट. तेलाचा हायड्रॉलिक ब्रेक मऊ लागणं किंवा त्याच्या दांड्यापाशी ओल. शेवटच्या प्रकारात घरी काही भरू नका: काही ब्रेकांना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट द्रव, आणि एकाच्या जागी दुसरं गेलं की आतले सील फुगून सगळा ब्रेक निकामी होतो. दुसऱ्या ते पाचव्या तपासणीपर्यंत सगळं करूनही ओलं अंतर ५ मीटरच्या खाली येत नसेल, तर तेही मेकॅनिकचंच काम आहे.

त्याला ‘ब्रेक बघा’ एवढंच सांगू नका. ओल्यात किती मीटर लागले, काय काय बदललं, लक्षण कुठलं राहिलं ते सांगा, आणि दुरुस्तीनंतर त्याच्यासमोर मगभर पाणी ओतून पुन्हा मोजा. दुकान उताराखाली असेल तर सायकल ढकलत न्या, नाहीतर टेम्पोत टाका.